पहिल्या नंबरच्या बदल्यात

मी माझ्या मुलाला विकलं, असं लॉकहार्ट गावात म्हणतात. हे साफ खोटं आहे. विकलं नाही, बदल्यात दिलं. विकणं वेगळं आणि बदल्यात देणं वेगळं. ज्याला हा फरक कळत नाही त्याने हॉकीबद्दल तोंड उघडू नये. आमच्या बेरेस्ता गावात मात्र म्हणतात की तेक्ला पावलुकने केला तसा हुशार सौदा या भागात आजवर कुणी केला नाही. तेही खरं आहे. दोन्ही गावांचं ऐकून झालं की मी घरी येते आणि पीठ मळायला घेते. पीठ बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मॅनेजर मी कशी झाले ते आधी सांगते. रिंकवरचं, म्हणजे हॉकीच्या बर्फाच्या मैदानावरचं, स्वयंपाकघर माझ्याकडे आहे. खाली बर्फावर धुमाकूळ चाललेला असताना लोक वर बाकांवर बसून जे खातात ते माझ्या हातचं: पिठाच्या पारीत बटाटा भरून उकडलेल्या पेरोगी, वर लोण्यात परतलेला कांदा. त्या पेरोग्यांवर रिंकचं छप्पर उभं आहे आणि छपराखाली संघ. तेव्हा संघ कुणामुळे आहे हे मी सांगायची गरज नाही. तरी सांगून ठेवलेलं बरं.

गेल्या नव्हे, त्याच्या आधीच्या शरदात संघाची वार्षिक सभा भरली. जुना मॅनेजर मुलीकडे सास्काटूनला राहायला गेला होता. अध्यक्षांनी विचारलं, "कोण घेतंय जबाबदारी?" सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमच्या गावातले बूट तसे बघण्यासारखे नसतात. मी कप गोळा करत होते. म्हटलं, "एवढे बापये बसलात आणि एकाच्या तोंडून हो निघत नाही? यापेक्षा मी बरा संघ चालवीन, तोही चुलीपाशी उभं राहून."

"सूचना आली," अध्यक्ष म्हणाले.

"माझं अनुमोदन," नेट्टी म्हणाली. नेट्टी माझी शेजारीण आणि मैत्रीण. असली कामं मैत्रिणीच करतात.

मी नाही म्हणू शकले असते. पण मागच्या रांगेतून ओरेस्टने शिट्टी मारली. ओरेस्ट माझा मुलगा. चाळिशीला टेकलाय, मिशीत पांढरं आलंय, आणि शाळा सुटल्यापासून आमच्या संघाचा तपकिरी शर्ट घालून बचावाला उभा राहतोय. त्याच्या आधी त्याचा बाप तिथेच उभा राहायचा, तोच आकडा पाठीवर घेऊन. "आता घरी आणि रिंकवर एकच साहेब," ओरेस्ट म्हणाला, आणि सगळे हसले. मग नाही म्हणायचं राहून गेलं.

मॅनेजर व्हायचं तर पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला लागतो. माझ्या चारित्र्याचा. या भागातल्या निम्म्या लोकांना लहानपणी मी अंघोळी घातल्यात. चौकीवरच्या पोराने माझी बोटं काचेवर दाबली, पुसली, परत दाबली. म्हणाला, "मिसेस पावलुक, तुमच्या बोटांना ठसेच नाहीत."

"धुणी धुतलीत बाळा, पाचवीतून शाळा सुटली तेव्हापासून. कुठून राहणार?"

"मशीन म्हणतंय, तुम्ही माणूस नाही."

"मशीनला म्हणावं, माझ्या सुनेशी बोल. तुमचं जमेल."

दाखला यायला इतका उशीर झाला की तोवर मी कायद्याच्या दृष्टीने माणूस नसताना संघ चालवला. वर लीगने कॉम्प्युटरवर एक शिकवणी घ्यायला लावली, खेळाडूंशी आदराने कसं वागावं याची. माझी सून लारिसा शेजारी बसून प्रश्न वाचायची. "कपडे बदलायच्या खोलीत एखादा खेळाडू रडताना दिसला तर तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, त्याला खायला घालीन. उत्तरांत ते नव्हतं. लारिसाने दुसरं काहीतरी दाबलं आणि मी पास झाले.

आता खरं काम. आमची लीग सहा गावांची. खेळणारे सगळे पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी करतात: शेतकरी, मास्तर, वीजवाले, खाणीतले. कापणी आटोपली की भागात नव्याने राहायला आलेल्या खेळाडूंना एका हॉलमध्ये बसवतात आणि सहा मॅनेजर त्यांच्यातून एकेक उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. गुरांच्या लिलावासारखंच असतं, फक्त दात तपासत नाहीत. हॉकी खेळणाऱ्याचे तपासण्याइतके उरलेले नसतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या गावाचा उचलायचा नंबर पहिला, कप जिंकणाऱ्याचा शेवटचा. म्हणजे उपाशी असेल त्याला आधी वाढायचं. हा नियम मला एकदम पटला.

मेख पुढे आहे. हे नंबर आजच देऊन टाकता येतात. पुढच्या वर्षीचा, त्याच्याही पुढच्या वर्षीचा. जो माणूस अजून गावात आलेला नाही, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, तो देऊन टाकायचा आणि आज समोर उभा असलेला घ्यायचा. किंवा उलट: आज उभा असलेला द्यायचा आणि न आलेल्याची वाट बघायची. सगळी मॅनेजरकी एवढ्यातच आहे. कोठीतला गहू आज दळायचा की बियाण्याला ठेवायचा. हे मला कुणी शिकवायला नको होतं, असं मला वाटत होतं.

शिकवायला मात्र सगळे आले. पेट्रोल पंपावरच्या हॉटेलात रोज सकाळी म्हातारे कॉफी घेऊन बसतात आणि पाऊस, सरकार आणि हॉकी तिन्ही चालवतात. त्यांचा म्होरक्या एमिल. एमिलच्या छातीत ऑपरेशनच्या तारा आहेत आणि तो त्या पुढे करून सगळी भांडणं जिंकतो. "दळून टाक, तेक्ला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचे नंबर मला काय करायचेत? पुढच्या वर्षी मी आहे का, हे डॉक्टरला विचार. मला कप बघून मरायचंय."

त्याच्या पलीकडच्या टेबलाचं मत बरोब्बर उलटं. संघ म्हातारा झालाय. मोडून काढा. जुने खेळाडू देऊन नंबर गोळा करा, दोन-तीन वर्षं हरा आणि मग बघा.

"मुद्दाम हरायचं?" मी विचारलं.

"मुद्दाम नाही हो. मनापासून."

नोव्हेंबरात लॉकहार्टच्या मॅनेजरचा फोन आला. गॉर्डन हॅथवे. विमा विकतो. त्याचा आवाज असा की ऐकताना आपल्या घराला लवकरच आग लागणार आहे असं वाटतं आणि तरी बरं वाटतं.

"मिसेस पावलुक, तुमच्याकडे सगळं आहे. फक्त गोलात माणूस नाही."

"गोलात मायरन आहे."

"मी तेच म्हणतोय."

मायरनबद्दल वाईट बोलू नये. पोस्टात आहे, देवाला भिऊन वागतो. पण बर्फावर चेंडूऐवजी चकती असते, गोलकीपरने तिच्या वाटेत उभं राहायचं असतं आणि मायरनचा स्वभाव वाट देण्याचा. हॅथवेकडे चांगले गोलकीपर दोन होते. त्यातला कर्टिस तो द्यायला तयार होता, आमच्या पुढच्या वर्षीच्या पहिल्या निवडीच्या, म्हणजे आम्हाला जो नंबर येईल त्याच्या, बदल्यात.

नेट्टीने ऐकलं आणि पोळपाटावरचा हात थांबवला. "लिहून घे गं. आपण तळाला आलो तर नंबर आपल्याकडेच राहील, असं. सगळे घेतात लिहून."

"तळाला येणारे घेतात," मी म्हटलं. "पावलुक तळाला येत नाहीत."

हे वाक्य तेव्हा फार बरं वाटलं. मी ते दोन-तीन ठिकाणी बोलूनही आले.

कर्टिस आला. गोलात उभा राहिला की मागची जाळी दिसायची नाही. पहिला सामना जिंकलो, एमिलने सगळ्यांना कॉफी पाजली. मग कर्टिस दिसेनासा झाला. चौकशी केली तर कळलं की तो उत्तरेला युरेनियमच्या खाणीत आहे. एक आठवडा विमानाने वर, एक आठवडा खाली. आणि लीगचं वेळापत्रक असं पडलेलं की त्याच्या खालच्या आठवड्यात आम्हाला सुट्टी आणि वरच्या आठवड्यात सामने. मी हॅथवेला फोन लावला.

"हे मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारलं नाहीत, मिसेस पावलुक."

एका सामन्यात कर्टिस विमानतळावरून थेट आला, तेव्हा त्याचे पॅड खाणीत राहिले होते. एका सामन्यात विमानच बर्फात अडकलं. बाकी सगळ्या सामन्यांत मायरनने वाट दिली. आम्ही लॉकहार्टला हरलो, लॉकहार्टला हरलेल्यांना हरलो, आणि ज्या गावाला आजवर कुणीच हरलं नव्हतं त्यालाही हरलो. माणसं पेरोगी घ्यायची पण माझ्याकडे बघायची नाहीत. कांदा जास्त घालू का विचारलं तर "जे असेल ते" म्हणायची. चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींतल्या एकाने प्रार्थना संपता संपता मला विचारलं, "कर्टिस वर आहे की खाली?" वेदीसमोर असला प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

डिसेंबरात आम्ही तळाला होतो आणि तिथून हलायची चिन्हं नव्हती. त्यातच नेट्टी बातमी घेऊन आली. पलीकडच्या गावातल्या एका मुलीचं एका गुरांच्या डॉक्टरशी ठरलं होतं. ल्यूक फेरिस त्याचं नाव. युनिव्हर्सिटीकडून खेळलेला, खांदे दाराएवढे, आणि पुढच्या शरदापासून तो आमच्याच भागात दवाखाना टाकणार होता. सहाही गावांना हे एकाच आठवड्यात कळलं. ज्याच्याकडे पहिला नंबर, त्याला डॉक्टर. पहिला नंबर तळाला राहिलेल्याचा, म्हणजे आमचा. आणि आमचा नंबर हॅथवेच्या खिशात.

"तेक्ला," एमिल छातीवर हात ठेवून म्हणाला, "बियाणं दळलंस ते दळलंस. भाकरीही करपवलीस."

मला झोप लागेना. हरण्याचं मला काही नाही. माझ्या लग्नापासून हे गाव हरतंय. पण लोक मला मूर्ख म्हणत होते, आणि ते खरं होतं.

लीगचे नियम केले ते इंग्रज लोकांनी. त्यांचा नाताळ डिसेंबरात उरकतो, म्हणून खेळाडूंची देवाणघेवाण बंद व्हायची तारीख त्यांनी जानेवारीची सहा ठेवली. आमच्या घरी नाताळ जुन्या पंचांगाने, सात तारखेला, त्यामुळे सहा तारखेची संध्याकाळ म्हणजे पवित्र जेवण. मांस नाही, दूध नाही, बारा पदार्थ, टेबलाखाली गवत पसरलेलं, आणि गेलेल्या माणसासाठी एक ताट. माझा नवरा वासिल गेल्यापासून ते ताट वासिलचं. पहिली चांदणी दिसली की बसायचं आणि त्यानंतर कामाचं बोलायचं नाही.

चांदणी अजून दिसली नव्हती. माझे हात पिठात होते. फोन वाजला आणि मी तो कोठीच्या खोलीत नेला.

"नंबर परत हवा असेल ना तुम्हाला?" हॅथवे म्हणाला.

"तुला काय हवंय ते बोल. माझं तेल तापलंय."

"ओरेस्ट."

मी कोठीचं दार लोटून घेतलं.

"आम्हाला कपासाठी बचावाला एक माणूस कमी पडतोय. तुम्ही तळाला आहात, तुम्हाला या वर्षी त्याचा काय उपयोग? आणि हंगाम संपला की त्याच्या वयाचा माणूस मोकळा असतो, पाहिजे तिकडे सही करतो. शरदात तो तुमच्याकडे परत. दोन-अडीच महिन्यांसाठी उसना देताय, असं समजा. आठ वाजता मुदत संपते, मिसेस पावलुक."

कोठीच्या खिडकीतून अंगण दिसतं. ओरेस्ट गवताची पेंढी काखेत मारून येत होता. पायऱ्यांवर थांबून बुटांचा बर्फ झटकत होता, मी ओरडू नये म्हणून. मी हिशोब केला. नंबर परत येतो. डॉक्टर येतो. शरदात ओरेस्टही येतो. काहीच जात नाही, उलट एक वाढतो. असा हिशोब एमिलच्या टेबलावरच्या एकाही बापयाला सुचला नसता. आधी त्याला विचारावं, असं मनात आलं का? आलं. पण विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर मूर्ख तर मी होतेच, वर नंबरही गेला असता. मी हो म्हटलं. फोनला पीठ लागलं ते पुसलं आणि तेलाकडे गेले.

चांदणी लारिसाला दिसली. बसलो. मध घातलेले गहू झाले, बिटाचं सार झालं. ओरेस्टने ग्लास उचलला आणि म्हणाला, "शनिवारी तरी जिंकू." तेवढ्यात त्याचा फोन थरथरला.

"आज नको रे तो," लारिसा म्हणाली.

"आगीचा असेल." तो गावच्या अग्निशामक पथकात आहे, त्यामुळे त्याला बघावंच लागतं. त्याने बघितलं. मग फोन ताटाशेजारी पालथा ठेवला.

"कुठे लागली?" लारिसाने विचारलं.

"कुठे नाही. हॅथवे आहे. स्वागत करतोय."

"कसलं स्वागत?"

मी कोबीच्या पानातला भात पुढे सरकवला. कुणी घेतला नाही.

"आई?" ओरेस्ट म्हणाला.

"नंतर बोलू. आज कामाचं बोलायचं नसतं."

"काय मिळालं?"

"आपला पहिला नंबर."

"कर्टिससाठी गेलेला?"

"तोच."

त्याने थोडा वेळ ताटाकडे बघितलं. चकती आपल्या अंगावर येत असताना तो असाच बघतो, घाई न करता. "म्हणजे डॉक्टर आपल्याला."

"हो."

"चांगला सौदा आहे," तो म्हणाला आणि त्याने मशरूम वाढून घेतले.

लारिसाने चमचा खाली ठेवला. "चांगला सौदा? आई, तुमचा मुलगा आहे तो. शेवटची काही वर्षं खेळतोय."

"मॅनेजरला मुलगा नसतो," मी म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं मला माहीत नाही. शिकवणीत तर नव्हतं.

"असं? मग यांना सांगा," लारिसा म्हणाली आणि तिने वासिलच्या ताटाकडे बोट केलं.

मी सांगितलं नाही. पुढचे पदार्थ आम्ही खाल्ले. बाराच्या बारा.

ओरेस्ट लॉकहार्टला जायला लागला. बदल्यात दिलेला माणूस जातो; कुरकुर करत नाही, अशी इकडची रीत आहे. माझे डोळे आणि कान ठणठणीत असल्यामुळे मीही त्यांचे सामने बघायला जायचे. प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करणं हे मॅनेजरचं कामच आहे. एकदा सामना संपल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या बायकांनी ओरेस्टला पेरोगी वाढल्या. दुकानातल्या, पाकिटातल्या, गोठवलेल्या. कडा मशीनने दाबलेल्या लांबूनही दिसत होत्या. त्याने सगळ्या संपवल्या आणि म्हणाला, "छान झाल्यात." माझ्या पोराने. मी गाडीत जाऊन बसले.

मार्चमध्ये लॉकहार्टने कप जिंकला. निळा-पांढरा शर्ट घातलेला ओरेस्ट तो डोक्यावर धरून बर्फावरून फिरला. आमच्या गावाच्या शर्टात त्याला हे कधी मिळालं नव्हतं, त्याच्या बापालाही नाही. मी बसले होते तिथे येऊन त्याने हात वर केला. मी त्यांच्या गोलकीपरचा अभ्यास करत असल्यासारखं केलं.

गावात माझी इभ्रत वाढत चालली. एमिल म्हणाला, "बाई, डोकं आहे तुला. उतरलेला माणूस देऊन पहिला नंबर." मी म्हटलं, "उतरलेला कोण?" त्याने छातीवर हात ठेवला आणि कॉफी मागवली.

कापणीच्या दिवसांत मी शेतावर जेवण घेऊन जाते. ओरेस्ट मशीनवरून उतरला, गाडीच्या मागच्या फळीवर बसला. धूळ त्याच्या भुवयांत होती. मी डबे काढले आणि जाता जाता म्हटलं, "तपकिरी शर्ट धुऊन ठेवलाय. आकड्याचं एक टोक उसवलं होतं, ते शिवलं."

तो चावत राहिला. मग म्हणाला, "आई, मी लॉकहार्टला सही केली. गेल्या आठवड्यात."

"तुला मोकळीक होती की."

"होती. म्हणूनच."

"का रे पण?"

"त्यांनी विचारलं."

एवढंच. राग नव्हता आवाजात. असता तर मी भांडले असते; भांडणात मला या भागात कुणी हरवलेलं नाही. त्याने डबा पुसून परत दिला आणि मशीनवर चढला.

ड्राफ्टमध्ये मी पहिल्यांदा बोलले आणि डॉक्टर उचलला. ल्यूक फेरिस खरोखर दाराएवढा आहे. सकाळी गाईची सुटका करतो आणि संध्याकाळी गोल करतो. पहिल्या दहा-बारा दिवसांतच दिसलं की याच्या जोरावर आम्ही वर जाणार. पेरोगी पुरेनाशा झाल्या. लोक कांदा जास्त मागायला लागले. आणि मी बाकामागे उभी राहून बचावाच्या जागेकडे बघायचे. तिथे आता शाळेतला एक नवा मास्तर असतो. चांगला आहे. बुटांचा बर्फ झटकत नाही.

ऑक्टोबर संपता संपता मी हॅथवेला फोन केला.

"डॉक्टर घे," मी म्हटलं. "आणि पुढच्या वर्षीचा आमचा नंबर घे. त्याच्याही पुढचा घे. ओरेस्ट दे."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मिसेस पावलुक, मी आत्ता हो म्हणालो असतो. तुमच्या गावाने तुम्हाला फाडून खाल्लं असतं, पण मी हो म्हणालो असतो. मला ते करता येत नाही."

"का?"

"पस्तिशीपुढच्या माणसाला सही करताना एक अट घालता येते. त्याला विचारल्याशिवाय त्याला कुणाला द्यायचं नाही, अशी. ओरेस्टने ती घातलीय. दुसरं काहीच मागितलं नाही त्याने. तुम्हाला त्यालाच विचारावं लागेल."

आमच्या दोन घरांमध्ये फक्त अंगण आहे. त्या अंगणातून मी आजवर सांगायला गेलेय, बोलवायला गेलेय, ओरडायला गेलेय. विचारायला कधी गेले नव्हते. विचारण्यासारखं काही असतं असं मला वाटलं नव्हतं. तो शेडमध्ये ट्रॅक्टरच्या पोटात हात घालून उभा होता. मी दारात थांबले.

"आत ये, थंडी येतेय," तो म्हणाला.

"ओरेस्ट, तू परत येशील का?"

त्याने हात बाहेर काढले आणि चिंधीला पुसायला लागला. "कशाच्या बदल्यात?"

"डॉक्टर. आणि नंबर. दोन्ही वर्षांचे."

"फार वाईट सौदा आहे, आई."

"माहितेय मला. मॅनेजर आहे मी."

तो थोडा हसला. त्याने धीर आला म्हणून मी विचारून घेतलं, "ही अट तू आमच्याकडे असताना का नाही घातलीस? तेव्हाही घालता आली असती."

"तू मॅनेजर होतीस," तो म्हणाला. "कशाला घालू?"

शेडमध्ये एक जुनी खुर्ची आहे, वासिल बसायचा ती. मी उभीच राहिले. ओरेस्टने चिंधीची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला.

विचार चाललाय अजून. पावलुक पुरुषांना वेळ लागतो. वासिलने मला मागणी घालायला दोन कापण्या घालवल्या होत्या. देवाणघेवाणीची मुदत आली आणि गेली. त्याने सांगितलं नाही आणि मी पुन्हा अंगण ओलांडलं नाही. त्याला मला नाही म्हणवत नाही आणि मला दुसऱ्यांदा विचारवत नाही, असे आम्ही समोरासमोरच्या घरांत राहतो. लारिसा म्हणते दोघेही सारखेच आहात, आणि ती हे कौतुकाने म्हणत नाही.

इकडे आम्ही लीगमध्ये पहिले आहोत. लॉकहार्ट दुसरं. कपासाठी हीच दोन गावं भिडणार हे एमिललाही दिसतंय, आणि तो म्हणतो आता मेलो तरी चालेल, पण सामन्यानंतर. मला मात्र सामन्यापेक्षा त्यानंतरचं जास्त दिसतं. शेवटचा सामना झाला की दोन्ही संघ बर्फावर समोरासमोर रांगा लावतात आणि हळूहळू सरकत प्रत्येकाने समोरच्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा असतो. खेळाडू, प्रशिक्षक, मॅनेजर, सगळ्यांनी. कुणी कुणाचे दात पाडले असले तरी. इथे हे टाळलं तर माणसाला गावात राहता येत नाही. मॅनेजर रांगेत शेवटी असतो. म्हणजे एकेक हात सोडत सोडत ओरेस्ट माझ्यापर्यंत येईल, हातमोजा काढलेला, घामेजलेला, आणि मला त्याचा हात धरावा लागेल. जिंकलेल्याने हरलेल्याला म्हणायचं असतं, चांगला खेळलास. तेवढंच म्हणायचं असतं. जास्त बोलायला कुणी थांबत नाही, मागची माणसं पुढे ढकलत असतात.

मी पेरोगी वळताना ते म्हणून बघते. चांगला खेळलास. नेट्टी विचारते, कुणाशी बोलतेस? मी सांगते, मायरनशी. मायरन जवळपास कुठेही नसतो, पण नेट्टी पुढे विचारत नाही, पीठ घेते आणि लाटायला लागते.